शेतकऱ्यांचे ऑनलाइन पेमेंट वारंवार रिटर्न येत असेल तर खात्याचा तपशील कसा तपासावा

लक्षणे

या बिघाडाची चार रूपे आहेत आणि त्यांतले आपल्यासमोर कोणते आहे, हे आधी ठरवावे लागते. पहिल्या रूपात बँकेचे पोर्टल अनेक शेतकऱ्यांच्या पेमेंटची एकत्र फाइल चढवतानाच तिच्यातल्या काही ओळी नाकारते. दुसऱ्यात फाइल मंजूर होते, खात्यातून रक्कम वजा होते आणि काही तासांनी त्यातल्या काही रकमा माघारी जमा होतात. तिसऱ्यात आयएमपीएसचा (लगेच पैसे पोचवणाऱ्या सेवेचा) व्यवहार ‘प्रक्रियेत’ एवढेच दाखवत अडकून राहतो. चौथे रूप सर्वांत वाईट असते: पोर्टल ‘यशस्वी’ म्हणते, आपल्या खात्यातून पैसे गेलेले असतात, रिटर्नही आलेले नसते आणि शेतकरी मात्र फोनवर सांगतो की खात्यावर दमडीही आलेली नाही.

जानेवारीपासून द्राक्षांचे सौदे सुरू झाले की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांच्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांतून मला या तक्रारींचे फोन येऊ लागतात. त्यांच्या देयकांच्या फाइली आणि त्यामागचे सॉफ्टवेअर सांभाळणे हे माझे काम आहे. ‘बँकेचा सर्व्हर डाऊन असेल’ हा निष्कर्ष प्रत्येकाने आधीच काढून ठेवलेला असतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा अलीकडेच, म्हणजे पासबुकावरून आपल्या तक्त्यात आणि तक्त्यातून पोर्टलवर जाताना खातेक्रमांकाचे जे होते त्यात सापडतो. म्हणून पुढचा क्रम फुकटात आणि जागेवर बसून होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो. कोणताही टप्पा ओलांडून थेट शाखेत जाऊ नये, कारण शाखेतला अधिकारीही तुम्हाला याच गोष्टी तपासून यायला सांगेल.

पैसे खरोखर माघारी आले आहेत का?

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी स्वतःच्या खात्याचा उतारा उघडून रिटर्नची जमा नोंद शोधावी. एनईएफटी या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सेवेचे व्यवहार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांमध्ये चालतात. आपला व्यवहार ज्या तुकडीत गेला, तिची पूर्तता झाल्यापासून दोन तासांच्या आत समोरच्या बँकेने रक्कम जमा करावी किंवा परत पाठवावी, असा नियम आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे ‘काल रविवार होता’ हे कारण आता चालत नाही. व्यवहाराची ओळख म्हणजे यूटीआर क्रमांक. तो एनईएफटीत १६ आणि आरटीजीएस या मोठ्या रकमांच्या सेवेत २२ वर्णांचा असतो, तर आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. रिटर्नची नोंद बहुधा याच क्रमांकावरून जुळवता येते आणि तिच्यासोबत कारणही आलेले असते.

ही तपासणी पहिली का, तर घाईत केलेले दुसरे पेमेंट हाच या प्रकरणातला सर्वांत महाग प्रकार असतो. शेतकऱ्याचा तगादा असतो, हिशेबनीस दबावाखाली त्याच रकमेची नवी ओळ टाकतो आणि संध्याकाळी दोन्ही रकमा जमा झालेल्या आढळतात. अडकलेल्या आयएमपीएसबाबत हा धोका अधिक असतो. अशा व्यवहारात रक्कम समोर जमा झाली नाही, तर ती जास्तीत जास्त पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तोपर्यंत थांबावे. शेतकऱ्याला यूटीआर पाठवून खरी स्थिती सांगितली, तर तो बहुधा एक दिवस थांबतो.

तक्त्यात क्रमांक कसा दिसतो?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुसंख्य याच टप्प्यावर मिटतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

एक्सेलच्या साध्या रकान्यात खातेक्रमांक टाइप केला की एक्सेल त्याला बेरीज-वजाबाकीची संख्या समजते. यातून तीन वेगवेगळे अपघात होतात. पहिला असा, की सुरुवातीची शून्ये गळून पडतात. ००१२३४५६७८९०१२ असा चौदा अंकी क्रमांक बारा अंकी होऊन बसतो, कारण संख्येच्या दृष्टीने डावीकडच्या शून्याला किंमत नसते. दुसरा अपघात असा, की बारा किंवा अधिक अंकांची संख्या ५.०१ई+१३ अशा घातांकी रूपात दिसू लागते. एवढ्यावर थांबले तर मूळ अंक अजून आत शिल्लक असतात आणि रकाना रुंद करून स्वरूप बदलले की ते परत दिसतात. परंतु त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून जतन केली, तर पडद्यावर जे दिसते तेच फाइलमध्ये उतरते आणि मधले अंक कायमचे नष्ट होतात. तिसरा अपघात सर्वांत फसवा आहे. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखते आणि सोळाव्या अंकाच्या जागी गुपचूप शून्य ठेवते. पंजाब नॅशनल बँकेचे खातेक्रमांक सोळा अंकी असतात. यादीतल्या अशा सगळ्या खात्यांच्या शेवटी शून्यच दिसत असेल, तर तो योगायोग समजू नये. असा बदललेला क्रमांक दुसऱ्या कोणाच्या वापरातल्या खात्याचा असू शकतो, आणि मग रिटर्न न येता चौथ्या प्रकारचे लक्षण समोर येते.

तपासण्याची सोपी रीत अशी आहे. बँकेनुसार यादी लावून घ्यावी आणि शेजारच्या रिकाम्या रकान्यात ‘लेन’ (LEN) हे सूत्र वापरून प्रत्येक क्रमांकाची लांबी काढावी. स्टेट बँक आणि बँक ऑफ महाराष्ट्र यांचे क्रमांक ११ अंकी, एचडीएफसी आणि बँक ऑफ बडोदा यांचे १४ अंकी, तर बँक ऑफ इंडियाचे १५ अंकी असतात. एकाच बँकेच्या चाळीस ओळी चौदा लांबीच्या आणि दोन ओळी तेराच्या निघाल्या, तर कुठे पाहायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र लांबी कमी दिसली म्हणून सरसकट डावीकडे शून्ये लावत सुटू नये. गळालेले शून्य आणि टाइप करताना राहून गेलेला मधला अंक यांची लांबी सारखीच दिसते. पासबुक पाहिल्याशिवाय एकही शून्य वाढवायचे नाही, हा नियम मी प्रत्येक कार्यालयात लावून घेतो.

उपाय असा, की क्रमांक भरण्यापूर्वीच त्या रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. आधी भरून नंतर स्वरूप बदलल्याने गेलेले शून्य परत येत नाही. यावर अनेकजण म्हणतात, ‘टेक्स्ट केले होते, तरीही शून्य गेले.’ त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. सीएसव्ही फाइलमध्ये स्वरूपाची माहिती साठत नाही. ती बरोबर तयार केल्यानंतर ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून दोनदा क्लिक केली की ती पुन्हा एक्सेलमध्ये उघडते, शून्ये पुन्हा गळतात आणि बंद करताना ‘सेव्ह’ला होकार दिला की बिघडलेली प्रत पोर्टलवर जाते. म्हणून तयार फाइल पाहायची असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. तिथे ओळ स्वल्पविरामांसह जशी आहे तशी दिसते आणि पोर्टलही नेमके तेच वाचते.

न दिसणारी आणि फसवी अक्षरे

लांबी अपेक्षेपेक्षा एकाने जास्त आली, तर शेवटी मोकळी जागा चिकटलेली असते. व्हॉट्सॲपच्या संदेशातून किंवा पीडीएफमधून नक्कल केलेल्या क्रमांकात ती हमखास येते, आणि कधी ती अशा प्रकारची असते की मोकळ्या जागा काढणाऱ्या ‘ट्रिम’ (TRIM) सूत्रानेही जात नाही. तेव्हा तो क्रमांक हाताने पुन्हा टाइप करणे हाच जलद मार्ग असतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या यादीत क्रमांकाआधी उद्धरणचिन्हही दडलेले असते.

देवनागरी अंकांचा प्रश्न आपल्याकडचा खास आहे. मोबाइलवर मराठी कळफलक चालू असताना पाठवलेला क्रमांक देवनागरी अंकांत येतो. पडद्यावर तो स्वच्छ वाचता येतो, पण पोर्टलच्या लेखी ते अंकच नसतात. ही ओळ चढवतानाच नाकारली जाते, त्यामुळे नुकसान होत नाही. खरा धोका हाताने भरलेल्या अर्जात आहे. शेतकरी देवनागरीत लिहितो आणि भरणारा मुलगा इंग्रजी अंकांच्या सवयीने वाचतो. देवनागरी १ हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ हा आठसारखा आणि ७ हा सहासारखा. लांबी बरोबर येते, शून्ये जागेवर असतात, पोर्टल कुरकुर करत नाही आणि क्रमांक मात्र वेगळाच असतो. संशयित ओळीत हे तीन अंक आधी पाहावेत.

पासबुकाचे पहिले पान

आता शेतकऱ्याकडून पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या धनादेशाचा स्पष्ट फोटो मागवावा आणि शक्यतो दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि दुसऱ्याने पाहून, क्रमांक पडताळावा. पासबुकावर एकाहून अधिक क्रमांक छापलेले असतात. स्टेट बँकेच्या पासबुकावर सीआयएफ क्रमांक आणि खातेक्रमांक हे दोन्ही अकरा अंकी असल्याने लांबीच्या तपासणीत ही चूक सापडत नाही. सीआयएफ ही ग्राहकाची ओळख असते, खात्याची नव्हे. धनादेशावर खाली छापलेला नऊ अंकी एमआयसीआर कोडही (धनादेश वटवण्यासाठीचा कोड) काहीजण आयएफएससीच्या, म्हणजे पैसे पाठवताना लागणाऱ्या शाखेच्या कोडच्या रकान्यात भरतात. नाशिक शहरातल्या शाखांचा तो ४२२ ने सुरू होतो, तेव्हा तो ओळखणे अवघड नाही.

या टप्प्यावर शेतकऱ्याचे एक ठरलेले उत्तर असते: ‘साहेब, पीएम किसानचा हप्ता याच खात्यावर येतो की, मग तुमचेच पैसे कसे येत नाहीत?’ तो खोटे बोलत नसतो. पण तो हप्ता आधार क्रमांकाला जोडलेल्या बँकेकडे आधारच्या आधारे पोचतो आणि त्यात आपल्या तक्त्यातल्या खातेक्रमांकाचा संबंध नसतो. त्यामुळे हप्ता मिळाला यावरून खाते चालू आहे एवढेच कळते. आपल्याकडे लिहिलेला क्रमांक बरोबर आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. अनेकदा तर ते खाते वेगळ्याच बँकेतले निघते.

आयएफएससी कोड

हा कोड ११ वर्णांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि शेवटचे सहा वर्ण शाखेचे, अशी त्याची रचना आहे. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ अक्षर टाइप होणे ही नित्याची गोष्ट आहे. बहुतेक मोठ्या बँकांमध्ये खातेक्रमांक सगळ्या शाखांना मिळून एकच असल्याने शाखेचा कोड चुकला तरी रक्कम सहसा जमा होते. बँकच चुकली किंवा कोडच रद्द झालेला असला, तर मात्र होत नाही.

रद्द झालेले कोड हे जुन्या याद्यांचे दुखणे आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक यांचे बँक ऑफ बडोदात विलीनीकरण झाले. १ एप्रिल २०२० रोजी ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेल्या. या बँकांचे जुने कोड पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि काही विलीनीकरणांत खातेक्रमांकही बदलले. १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांची मिळून एकच ग्रामीण बँक झाली आहे, तेव्हा ग्रामीण बँकेच्या खातेदारांचे कोडही नव्याने विचारून घ्यावेत. चालू कोड रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत विनामूल्य पाहता येतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या इतर याद्यांमध्ये बंद झालेले कोड वर्षानुवर्षे तसेच राहतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

पतसंस्थेचे खाते हा स्वतंत्र विषय आहे. पतसंस्था ही बँक नसते आणि तिला स्वतःचा आयएफएससी कोड नसतो, त्यामुळे तिच्या पासबुकावरचा चार-पाच अंकी बचत क्रमांक घेऊन एनईएफटी करता येत नाही. काही पतसंस्था एखाद्या बँकेशी करार करून सभासदाला वेगळा लांब क्रमांक देतात. तो क्रमांक आणि त्या बँकेचा कोड पतसंस्थेकडून लेखी घ्यावा, शेतकऱ्याकडून तोंडी घेऊ नये. लहान सहकारी बँकांपैकी काहींचे व्यवहारही मोठ्या बँकेमार्फत चालतात. तिथे शाखेचा कोड तंतोतंत बरोबर असावा लागतो.

खात्याचीच अडचण

क्रमांक आणि कोड दोन्ही बरोबर ठरले, तर खाते बंद आहे, केवायसीअभावी रोखलेले आहे किंवा मर्यादेत अडकले आहे, अशा शक्यता उरतात. मर्यादेची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘लघु खात्या’त कोणत्याही वेळी ५०,००० रुपयांपेक्षा अधिक शिल्लक राहू शकत नाही आणि एका आर्थिक वर्षात एकूण जमा एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही. अशा खात्यावर मजुरीचे पैसे वर्षभर बिनबोभाट येत राहतात आणि द्राक्षाच्या पहिल्याच मोठ्या पट्टीला (विक्रीच्या हिशेबाच्या रकमेला) रिटर्न येते. हे आपल्या बाजूने सुटत नाही. खातेदाराने शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करणे हाच उपाय आहे. तोवर दुसऱ्याच्या नावावर रक्कम पाठवण्याची विनंती आली, तर ती नम्रपणे नाकारावी, कारण पावती एका नावाची आणि पेमेंट दुसऱ्या नावावर अशी नोंद पुढे हिशेब तपासनीसासमोर समजावून सांगणे कठीण जाते.

नाव पडताळणी

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खातेक्रमांकाच्या आधारे. नाव जुळले नाही म्हणून ती थांबेल, या भरवशावर राहू नये. यासाठीच रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांना लाभार्थ्याचे नाव पैसे पाठवण्याआधी दाखवण्याची सोय देण्यास सांगितले. नवीन किंवा बदललेल्या प्रत्येक खात्यासाठी ती वापरावी. ती आपल्या पोर्टलवर एकगठ्ठा फाइलसाठी नसेल, तर एक रुपया आयएमपीएसने पाठवून परत आलेले नाव पाहता येते. त्याला थोडा खर्च येतो म्हणून ही तपासणी इतकी खाली ठेवली आहे, पण मोठ्या रकमेच्या बाबतीत हा खर्च वाचवू नये. ‘भाऊसाहेब’ आणि ‘भाऊराव’ किंवा वडिलांचे नाव आधी-नंतर, असे फरक चालतात. आडनावच वेगळे आले, तर थांबावे.

हेच दुखणे दर हंगामात परतत असेल

तर सॉफ्टवेअरमधला खातेक्रमांकाचा रकाना कोणत्या प्रकाराचा आहे, ते तपासून घ्यावे. तो संख्येचा असेल, तर वर सांगितलेल्या सगळ्या दक्षता घेऊनही शून्ये आतच गळत राहतील. तो अक्षरांचा करणे, आयएफएससीची रचना भरतानाच तपासणे, क्रमांक दोनदा भरून घेणे आणि एकदा नोंदलेले खाते बदलण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी लावणे, एवढे बदल पुरतात. हे काम मात्र स्वतः करू नये. रकान्याचा प्रकार बदलल्यावर जुनी गळालेली शून्ये परत येत नाहीत, ती यादी पासबुकांवरून नव्याने भरावी लागते आणि हे हंगाम चालू असताना करणे योग्य नाही. सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून ते जून-जुलैत करून घ्यावे.

कुठे थांबावे

पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाल्याचे कळताच स्वतःचे प्रयत्न थांबवावेत आणि त्याच दिवशी आपल्या शाखेला यूटीआर, रक्कम, चुकलेला आणि बरोबर क्रमांक लिहून लेखी अर्ज द्यावा. ज्याच्या खात्यात रक्कम गेली त्याच्या संमतीशिवाय बँक ती सहसा काढून देत नाही. म्हणून त्याला परस्पर फोन करून दमदाटी करणे निरुपयोगी असते आणि उलट अंगाशी येते. ३० दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. रक्कम मोठी असेल आणि समोरचा ती परत करण्यास नकार देत असेल, तर वकिलाकडे जावे.

‘आमचे खाते बदलले, यापुढे या क्रमांकावर पाठवा’ असा संदेश आला असेल, तर तो बिघाड समजून दुरुस्त करू नये. शेतकऱ्याच्या आधीपासून नोंदलेल्या मोबाइलवर फोन करून खात्री करावी. पैसे गेल्यानंतर फसवणूक लक्षात आली, तर बँकेची वाट न पाहता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. रिटर्नच्या कारणात खाते पोलीस किंवा न्यायालयाच्या आदेशाने गोठवल्याचे आले असेल, तर त्या खात्यावर पुन्हा पाठवू नये आणि आपल्या सनदी लेखापालाला कळवावे.

आणि नोटपॅडमध्ये क्रमांक बरोबर, पासबुकाशी जुळलेला, कोड चालू, नावही बरोबर, एवढे सगळे असूनही पोर्टल तीच ओळ नाकारत असेल, तर बँकेच्या एकगठ्ठा पेमेंट विभागाला कळवावे. त्यांना पडद्याचा फोटो पुरत नाही. चढवलेली मूळ फाइल आणि पोर्टलने दिलेली त्रुटीची फाइल, अशा दोन्ही फाइली पाठवाव्यात. त्या पाठवण्यापूर्वी एक्सेलमध्ये उघडू नयेत.